विश्लेषण : गेमिंग आणि स्ट्रीमिंग एकाच संगणकावर, प्रोसेसरवर किती खर्च करावा?

अंधेरी-बोरिवलीहून चर्चगेट लोकल पकडून ग्रँट रोडला उतरायचे, घाटकोपर-मुलुंडकरांनी दादरला गाडी बदलायची आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. संगणक जोडून घेणाऱ्या उपनगरांतील मुलांचा हा ठरलेला मार्ग. (डॉ. भडकमकर मार्ग हे अधिकृत नाव पत्त्यापुरतेच.) ‘गेम खेळायचा आहे आणि यूट्यूबवर लाइव्हही जायचे आहे’ म्हटले, की अनेकदा सल्ला मिळतो : जास्त कोअरचा, महागडा प्रोसेसर घ्या. घरच्यांकडून जेमतेम मंजूर झालेले बजेट तिथेच कोलमडते.

हा सल्ला आला कुठून?

१०८०पीच्या एका चित्रात सुमारे २० लाख ७० हजार पिक्सेल असतात. सेकंदाला अशी ६० चित्रे म्हणजे जवळपास ३,००० मेगाबिट कच्चा माल. ट्विचसारखे व्यासपीठ साधारण ६ मेगाबिट सुचवते. म्हणजे गेम चालू असतानाच चित्र ५०० पट आकसायचे! हे काम, म्हणजे एन्कोडिंग, पूर्वी प्रोसेसरच करी. २०१७मध्ये एएमडीचे रायझन येईपर्यंत घरगुती वापराच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये फार तर चारच कोअर असत; त्यामुळे अनेक स्ट्रीमर दुसरा संगणकच ठेवत. तेव्हा जास्त कोअरचा आग्रह योग्यच होता.

मग बदलले काय?

एन्कोडिंगचे स्वतंत्र सर्किट ग्राफिक्स कार्डातच असते. एनव्हिडियाच्या या सर्किटाला एनव्हीईएनसी म्हणतात. २०१८च्या आरटीएक्स २० मालिकेपासून त्याचा दर्जा इतका सुधारला, की ओबीएसमध्ये तोच पर्याय निवडावा. प्रोसेसरवर जवळजवळ भार पडत नाही. मात्र कार्ड पारखून घ्या. एएमडीच्या आरएक्स ६५००एक्सटीमध्ये एन्कोडरच नाही. स्ट्रीमिंगसाठी ते स्वस्तातही महाग.

त्यामुळे बहुतेकांना सहा कोअर, १२ थ्रेडचा प्रोसेसर पुरतो : रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ. वाचलेले पैसे कार्डावर आणि रॅमवर घाला. यातील ‘एफ’चा अर्थ मात्र ठाऊक हवा. या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते, म्हणून इंटेलचा क्विक सिंक हा एन्कोडरही मिळत नाही. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर एएम५ सॉकेटचा रायझन ५ ७६०० बरा. या सॉकेटला २०२७पर्यंत साथ देण्याचे एएमडीचे आश्वासन आहे.

आठ कोअर कोणाला? स्ट्रीमसोबत व्हिडीओ संपादनही करणाऱ्याला, किंवा व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकमध्ये सेकंदाला शेकडो फ्रेम हव्या असणाऱ्याला. दुसऱ्यासाठी ९६ एमबी कॅशचा रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी उत्तम, पण त्याची किंमत फ्रेमसाठी मोजायची, स्ट्रीमसाठी नव्हे. फोनवर बीजीएमआय खेळून कॅप्चर कार्डाने संगणकावर आणणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये. गेमचा भार फोनच उचलतो.

वापरलेला माल घेताना इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतील वरच्या प्रोसेसरबाबत सावध राहा. जादा व्होल्टेजमुळे ते अस्थिर होत असल्याचे २०२४मध्ये इंटेलने मान्य केले, मायक्रोकोड दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण आधीच झिजलेला प्रोसेसर दुरुस्तीने बरा होत नाही.

उष्णतेचेही पाहा. आय७-१४७००के पूर्ण भाराला २५३ वॉटपर्यंत जातो, आय५-१२४००एफ ११७पर्यंत. एसी नसलेल्या खोलीत मे महिन्यात हा फरक अंगाला जाणवतो.

शेवटी बिल. खोक्याशिवाय मिळणारा ‘ट्रे’ प्रोसेसर स्वस्त पडतो, पण सीलबंद प्रोसेसरवर असते तशी कंपनीची थेट तीन वर्षांची वॉरंटी त्यावर नसते; जबाबदारी दुकानदाराची. म्हणून वॉरंटीचा कालावधी आणि सीरियल नंबर जीएसटी बिलावरच लिहून घ्या.