आकड्यांचा बारकावा आणि आकड्यांचा खरेपणा

जयपूरच्या दक्षिणेस, सांगानेरकडे जाणाऱ्या वाटेवर दुर्गापुरा ही वस्ती आहे. तेथील स्थानकावरून आगगाडीने जयपूर गाठले, की अल्पावधीत सवाई जयसिंहाची वेधशाळा, म्हणजे प्रसिद्ध जंतरमंतर, पाहावयास मिळते. विद्युत् उपकरणाविषयीच्या या पुस्तिकेत वेधशाळेचे प्रयोजन काय, असे वाचकास वाटेल. परंतु आज शाळेच्या प्रयोगशाळेत मेजावर ठेवलेले संकेत जनित्र जो प्रश्न आपल्यापुढे उभा करते, तोच प्रश्न अठराव्या शतकात या दगडी यंत्रांपुढेही होता. म्हणून प्रारंभ तेथूनच करू.

सम्राट यंत्राची शिकवण

तेथील थोरले सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याच्या तिरप्या भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळपादांवर पडते व दर सेकंदास सुमारे एक मिलिमीटर सरकते. वर्तुळपादांवरील सर्वांत लहान भाग दोन सेकंदांचा आहे. तथापि सूर्य हा बिंदू नव्हे. त्याचे बिंब सुमारे अर्धा अंश रुंद दिसते आणि तेवढे अंतर आक्रमावयास त्याला दोन मिनिटे लागतात. त्यामुळे सावलीची कड धूसर होते. खुणा दोन सेकंदांच्या असल्या, तरी नवख्याने वाचलेली वेळ तितकी खरी असेलच असे नाही. निष्णात वेधकर्ता बारीक दोरा कडेपाशी धरून धूसरपणा पुष्कळ कमी करतो.

पितळी यंत्रे सोडून चुन्यादगडाची भव्य यंत्रे का बांधावी लागली, याचीही कारणे जयसिंहाच्या काळी नमूद झाली आहेत. पितळी यंत्रे लहान असत, त्यांचे आस झिजत आणि वर्तुळांचे केंद्र ढळे. जयसिंहाचे साहाय्यक, महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट, यांनी याच विषयावर संस्कृतात ग्रंथरचना केली. खुणांचा बारकावा ही एक गोष्ट आणि मापाचा खरेपणा ही दुसरी, हा भेद त्या मंडळींनी नीट ओळखला होता.

संकेत जनित्राच्या पोटात काय असते?

संकेत जनित्र म्हणजे इच्छित कंप्रतेचा विद्युत् तरंग निर्माण करणारे उपकरण. कंप्रता म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या. तिचे एकक हर्ट्‌झ. पूर्वीच्या जनित्रावर तबकडी व काटा असे. तबकडी पाहूनच तिच्या मर्यादेची कल्पना येई. आजच्या स्वस्त जनित्रावर मात्र दहा-दहा आकडे झळकतात आणि पाहणाऱ्याचा त्यांवर सहज विश्वास बसतो.

हे आकडे येतात कोठून? जनित्रात क्वॉर्ट्‌झच्या स्फटिकाचा एक आंदोलक असतो. तो ठरावीक ठेका देत राहतो. प्रत्येक ठेक्यास एका गणकात आपण निवडलेली संख्या मिळविली जाते. गणक पूर्ण भरला की तरंगाचे एक आवर्तन पुरे होते. ठेका १२५ मेगाहर्ट्‌झचा आणि गणक ३२ द्विमान अंकांचा असेल, तर कंप्रता सुमारे ०.०३ हर्ट्‌झ इतक्या लहान पायरीने बदलता येते. हा झाला बारकावा.

परंतु सर्व हिशेब त्या एका ठेक्यावर अवलंबून आहे. शिंप्याची फीत ताणली गेली असेल, तर तिच्यावर कितीही बारीक रेषा आखल्या तरी कापड चुकीचेच मोजले जाईल. साध्या स्फटिकात दहा लक्षांस वीस भाग चूक असणे नवल नव्हे. तापमानाने व वयोमानाने ती बदलतेही. जनित्रावर १० मेगाहर्ट्‌झ हा आकडा असता प्रत्यक्षात २०० हर्ट्‌झचा फरक असू शकेल. असा स्फटिक घड्याळात बसविला, तर ते दिवसास सुमारे १.७ सेकंद चुकेल!

ही चूक केव्हा बाधते?

प्रत्येक चूक सारखीच बाधक नसते. अनुनाद नलिकेने ध्वनीचा वेग काढताना खोलीचे तापमान एक अंश सेल्सिअसने चुकले, तर वेगात सेकंदास सुमारे ०.६ मीटर फरक पडतो. म्हणजे दहा लक्षांस १,७०० हून अधिक भाग. तेथे स्फटिकाच्या वीस भागांची चिंता करणे व्यर्थ होय. याउलट १४४ मेगाहर्ट्‌झवरील हौशी रेडिओ संदेशवहनात तेवढीच चूक सुमारे २,९०० हर्ट्‌झची होते आणि एकपट्टी पद्धतीने पाठविलेले बोलणे कळेनासे होते.

पडताळा कसा घ्यावा?

दोन स्वस्त जनित्रे एकमेकांशी जुळली, एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीत. दोन्ही एकाच दिशेने चुकलेली असू शकतात. तुलना प्रमाणाशीच व्हावयास हवी. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर आधारलेली आहे. आपल्या देशात हे प्रमाण नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकीय प्रयोगशाळा सांभाळते. एके काळी तिच्या ‘एटीए’ या केंद्रावरून १० मेगाहर्ट्‌झचा प्रमाण तरंग प्रक्षेपित होत असे व रेडिओवर त्याच्याशी विस्पंद ऐकून जनित्र जुळविता येई.

आज दिक्‌स्थिती सांगणाऱ्या उपग्रहांचा लहानसा ग्राहक हे काम करतो. त्या उपग्रहांवर आण्विक घड्याळे असतात आणि ग्राहक दर सेकंदास एक स्पंद देतो. दुर्गापुऱ्याच्या गच्चीवर असो वा कोकणातल्या अंगणात, आकाश मोकळे असले म्हणजे पुरे. जनित्र अर्धा-एक तास चालू ठेवून तापू द्यावे. नंतर त्यावर १,००० हर्ट्‌झ लावून तरंग आंदोलनदर्शकावर पाहावा. दर्शकाचे चित्र ग्राहकाच्या स्पंदाने सुरू होईल अशी जोडणी करावी. जनित्र खरे असेल तर तरंग स्थिर दिसेल. तो डावीकडे सरकल्यास जनित्र शीघ्र, उजवीकडे सरकल्यास मंद समजावे. समजा, एक पूर्ण आवर्तन सरकावयास ५० सेकंद लागले. तेवढ्या वेळात ५०,००० आवर्तने व्हावयाची होती. म्हणजे ५०,००० त एक, अर्थात दहा लक्षांस वीस भाग चूक आहे.

चूक कळली की ती निम्मी सुधारलीच. जनित्र वीस भाग शीघ्र असेल, तर १० मेगाहर्ट्‌झ मिळविण्यासाठी ९९,९९,८०० हर्ट्‌झ हा आकडा लावावा. आढळलेली चूक, दिनांक व खोलीचे तापमान यांची चिठ्ठी जनित्रावर चिकटवावी आणि काही महिन्यांनी पडताळा पुन्हा घ्यावा. अशी चिठ्ठी लावलेले स्वस्त जनित्र हे कधीही न तपासलेल्या महागड्या जनित्राहून अधिक विश्वासार्ह होय.