चूल नाही, तरी पाणी उकळलं!

मुलांनो, दिवाळीआधी घराला चुन्याची सफेदी देताना पाहिली आहे का? आमच्या भिवंडीत आता बहुतेक घरांना तयार रंग लागतो. पण जुन्या चाळींच्या भिंतींवर कुठे कुठे अजून चुना फिरतो. कळीच्या चुन्याचे पांढरे खडे पिंपात पडले, की पाणी खदखदतं, वाफा निघतात. खाली ना चूल, ना स्टोव्ह!

लहानपणी ही गंमत बघायला मी पिंपावर वाकले. आजीनं दंड धरून मागे खेचलं, "डोळे जातील गं!" आजी का घाबरली, ते पुढे शाळेत गणित केल्यावर कळलं.

कळीचा चुना आणि पाणी यांचा संयोग झाला, की विरीचा चुना तयार होतो. या बदलात उष्णता बाहेर पडते. अशा अभिक्रियेला 'उष्मादायी' म्हणतात.

किती उष्णता? ५६ ग्रॅम कळीच्या चुन्यातून सुमारे साडेपंधरा किलोकॅलरी. म्हणजे १ किलोतून, १००० भागिले ५६, गुणिले साडेपंधरा : सुमारे २७७ किलोकॅलरी.

आता लक्षात ठेवा : १ लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला १ किलोकॅलरी लागते. पाणी ३० अंशांवर असेल, तर उकळायला ७० अंश चढावं लागेल. २७७ भागिले ७०, म्हणजे जवळजवळ ४ लिटर! एवढ्याशा पाण्यात किलोभर चुना टाकला, तर ते उकळून अंगावर उडणारच. तेच पाणी २० लिटर घेतलं, तर तापमान सरासरी १४ अंशच वाढेल. थोडी उष्णता हवेत आणि पिंपातही जाते, म्हणून हा हिशेब अंदाजाचा. शिवाय खड्याजवळचं पाणी जास्त तापतं. म्हणून मोठी माणसं चुना थोडा थोडा टाकून लांब दांड्यानं ढवळतात.

पॅरिसमध्ये १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी किती बर्फ वितळला यावरून अशी उष्णता मोजली होती. तुम्हांला मात्र कागद-पेन्सिल पुरे!

हा प्रयोग घरी करू नका. चुना गार झाला तरी डोळ्यांना इजा करतो. चुकून डोळ्यांत गेलाच, तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धूत राहा आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

आता सांगा पाहू : ३ किलो चुना टाकायचाय आणि तापमान १४ अंशांहून जास्त वाढू द्यायचं नाही. पाणी किती घ्याल? उत्तर आईबाबांना पडताळायला सांगा!