लहान चणीच्या स्त्रिया आणि ब्रेसियरचें माप



पालघर, बोईसर किंवा तारापूरच्या बाजारांत एखादी लहान चणीची मुलगी ब्रेसियर घ्यावयास गेली, तर तिचें दुकानांतील काम बहुधा एका मिनिटांत आटोपतें. काउंटरमागें पुरुष उभा असतो, बरोबरची आई किंवा वहिनी घाईंत असते, मुलगी मान खालीं घालून "बत्तीस" एवढेंच पुटपुटते आणि कागदांत गुंडाळलेली वस्तु घरीं येते. घालून पाहण्याची सोय क्वचितच असते. नेलेला माल परत घेण्याची पद्धत त्याहून क्वचित. घरीं आल्यावर पट्टा सैल लागतो, कटोरीची वरची बाजू पोकळ राहते, आणि उणीव कपड्यांत असतां मुलगी ती आपल्या अंगाला लावून घेते. उणीव अंगाची नव्हे, मापाची आहे, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे. तें माप घरच्या घरीं, शिंप्याच्या टेपनें, पांच मिनिटांत घेतां येतें.

हा विषय उघडपणें बोलण्याचा नाहीं, असें कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस वाटेल. पण चष्म्याचा नंबर अंदाजानें घेतलेला आपणांस चालत नाहीं. पायांतील चप्पलसुद्धां आपण दोनचार पावलें चालून पाहतों. दिवसाचे बारा तास अंगावर असणाऱ्या वस्त्राच्या बाबतींत मात्र संकोच आड येतो, आणि त्या संकोचाची किंमत खांद्यांना व पाठीला मोजावी लागते.

ती किंमत कोणती, हें रोज गाडीनें ये-जा करणाऱ्या स्त्रियांना ठाऊक आहे. बोईसरला लागून असलेल्या तारापूर औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत अनेक स्त्रिया काम करतात. कित्येकजणी उलट दिशेनें मुंबईकडे जातात. २०१३ च्या एप्रिलमध्यें उपनगरी गाड्या विरारच्या पुढें डहाणू रोडपर्यंत धांवूं लागल्या. बोईसर ते चर्चगेट हें अंतर सुमारें १०० किलोमीटरांचें. गर्दीच्या डब्यांत कडी धरण्यासाठीं हात वर केला कीं सैल पट्टा पुढून वर सरकतो, कटोरीची कड स्तनावर चढते, आणि उतरतांच कोपरा गांठून कपडे सारखे करावे लागतात. मग उपाय म्हणून खांद्याच्या पट्ट्या आवळल्या जातात. त्यानें पट्टा मागें अधिकच वर ओढला जातो, खांद्यांवर वळ उठतात, आणि मूळ खोड तशीच राहते. ब्रेसियरचा आधार खांद्यांवर नसून छातीभोंवतींच्या पट्ट्यावर असतो. पट्टा सैल असला म्हणजे बाकीच्या युक्त्या व्यर्थ होत.

आपल्या आज्यांपुढें हा प्रश्न या स्वरूपांत नव्हता. त्यांची चोळी खणाची असे. बागलकोटकडील गुळेदगुड्ड येथें विणलेला खण घरीं यावा, आणि तो जिच्यासाठीं आणला तिच्या अंगाच्या मापानें बेतला जावा, ही रीत होती. पुढची गांठ प्रत्येकीच्या हातांत असल्यामुळें अंग भरलें वा उतरलें तरी चोळी सैल-घट्ट करतां येई. त्या चोळीचे गोडवे गाण्याचा माझा हेतु नाहीं. उन्हाळ्यांत ती सुखाची होती असें कोणी म्हणणार नाहीं. मात्र तींत कापड अंगाप्रमाणें बेतलें जाई, एवढें खरें. कारखान्यांत शिवलेल्या वस्त्राची गोष्ट उलट असते. तेथें आधीं माप ठरतें, आणि अंगानें त्यांत बसावें अशी अपेक्षा असते.

ब्रेसियरचीं हीं मापें तशीं फार जुनीं नाहींत. मेरी फेल्प्स जेकब या अमेरिकन स्त्रीनें दोन हातरुमाल आणि फीत यांपासून केलेल्या आपल्या वस्त्राचें पेटंट १९१४ सालीं मिळविलें, त्या वेळीं कटोरीला माप असें नव्हतेंच. ए, बी, सी, डी हीं अक्षरें १९३२ मध्यें कॅम्प नांवाच्या अमेरिकन कंपनीनें प्रथम वापरलीं. आपल्याकडे अंगांचीं मापें घेऊन त्यांवरून कपड्यांचे आंकडे ठरविण्याचा मोठा प्रयत्न याच शतकांतला आहे. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्यानें निफ्ट या संस्थेनें १५ ते ६५ वर्षें वयाच्या २५,००० स्त्रीपुरुषांचीं मापें यंत्रानें घेण्याची योजना आंखली.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. ब्रेसियरवर एक आंकडा आणि एक अक्षर असतें. आंकडा पट्ट्याचा. अक्षर कटोरीचें, पण तें एकटें कांहींच सांगत नाहीं. स्तनांवरून घेतलेला घेर पट्ट्याच्या आंकड्यापेक्षां किती इंचांनीं अधिक आहे, एवढेंच तें दाखवितें. एक इंच अधिक असल्यास ए, दोन असल्यास बी, तीन असल्यास सी. म्हणजे सी हें अक्षर भरदार बांध्याचेंच, ही समजूत खोटी आहे. २८ सी, ३० बी आणि ३२ ए या तिहींच्या कटोऱ्यांत सारखेंच माप मावतें. फरक असतो तो पट्ट्याच्या लांबींत. हें वाक्य ज्या मुलीनें नीट ध्यानीं घेतलें, तिचें निम्में काम झालें.

माप असें घ्यावें. टेप स्तनांच्या लगेच खालीं, पाठीमागें सरळ रेषेंत राहील असा धरून, श्वास सोडल्यावर घट्टसर घेर मोजावा. मग स्तनांच्या सर्वांत पुढें आलेल्या भागावरून, टेप न आवळतां, एकदां उभें राहून आणि एकदां कंबरेंत वांकून घेर मोजावा, आणि या दोहोंची सरासरी धरावी. वांकून घेतलेलें माप वगळूं नये. स्तन उथळ असल्यास उभ्यानें घेतलेलें माप पुष्कळदां कमी येतें.

समजा, खालचा घेर २७ इंच आला आणि वरचा ३१. पट्टा लगतच्या सम आंकड्याचा, म्हणजे २८ चा. ३१ मधून २८ गेले, उरले ३. माप झालें २८ सी. याच मुलीला जुन्या ठोकताळ्यानें काय मिळतें तें पाहा. खालच्या घेरांत चारपांच इंच मिळवावे, असा तो ठोकताळा आहे, आणि अजून पुष्कळ दुकानांत तोच चालतो. २७ आणि ५ मिळून ३२. वरचा घेर त्याहूनहि कमी. तेव्हां "तुम्हांला सगळ्यांत लहान" असें म्हणून ३२ ए पुढें केली जाते. कटोरी जवळजवळ बरोबर, पण पट्टा चार इंच मोठा! कपडा अंगाला धरून राहत नाहीं, कटोरी छातीपासून सुटते, आणि मुलीची समजूत होते कीं आपल्याजवळ भरण्याजोगें कांहीं नाहीं.

माप बरोबर येऊनहि कटोरी वरून उघडी राहिली, तर तेथें आकाराचा प्रश्न आहे. एक पसरट बशी आणि एक खोल वाटी घ्या. दोहोंत सारखेंच पाणी मावूं शकेल, पण बशींतलें पाणी वाटीच्या आकारानें उभें राहणार नाहीं. कांहींजणींच्या स्तनांचा पाया रुंद असतो आणि पुढें येणें थोडें. यालाच उथळ आकार म्हणतात. तो निसर्गाच्या अनेक घडणींपैकीं एक आहे, रोग नव्हे. अशा स्त्रीनें खोल कटोरी घातली कीं टोकाशीं व वरच्या कडेला पोकळी उरते. ती पाहून बहुतेकजणी कटोरी एका अक्षरानें कमी करतात, आणि तेथेंच घोटाळा होतो. लहान कटोरीची तार अरुंद असते. ती रुंद पायावर, बगलेच्या बाजूला, रुतते. पोकळी तर तशीच राहते.

ओळखावें कसें? ब्रेसियर घातल्यावर पुढें वांकावें, आणि बगलेकडील भाग हातानें पुढें आणून कटोरींत बसवावा. वांकलेलें असतां कटोरी भरते आणि उभें राहतांच वर पोकळ पडते, असें झाल्यास माप बहुधा ठीक आहे, आकार जुळत नाहीं. अशा वेळीं निराळी घडण निवडावी. वरची कड खालीं असलेली, अर्ध्या उंचीची कटोरी उथळ आकाराला बरी बसते. वरचा भाग ताणल्या जाणाऱ्या जाळीचा असेल तर तो अंगाला मिळून राहतो. तार असेल तर ती रुंद असावी, म्हणजे स्तनाच्या पायाला सामावून घेईल. साच्यांत दाबून केलेली जाड फोमची कटोरी मात्र टाळावी. ती स्वतःचाच आकार सोडीत नाहीं, आणि नेमकी तीच "लहान छातीला हीच छान" म्हणून विकली जाते. शिवाय पालघरच्या किनाऱ्यावरील दमट हवेंत, वैशाखांत, हा फोम अंगाशीं घामाची घडी होऊन बसतो. अंगाशीं सुती अस्तर असलेलें पातळ कापड या हवेला बरें.

२८ चा पट्टा गांवांतल्या दुकानांत मिळणें कठीण, हें खरें आहे. हल्लीं घरबसल्या मागविण्याची सोय झाली आहे. रिचा कर यांनीं २०११ सालीं बंगळूरला केवळ याच व्यवसायासाठीं झिवामे ही कंपनी काढली, तेव्हांपासून दुकानदाराच्या नजरेचा अडथळा तरी दूर झाला. मागविण्यापूर्वीं परतीच्या अटी वाचाव्या. परंतु मला अधिक भरंवशाचा वाटतो तो आपल्या गल्लींतला ब्लाउज शिवणारा शिंपी, किंवा शिवणकाम करणारी बाई. कटोरी ब्लाउज बेतणाऱ्या हाताला हें काम नवें नाहीं. ३० बी घ्यावी आणि पाठीमागें दोन्ही बाजूंनीं एकेक इंच पट्टा कमी करवून हूक पुन्हां लावून घ्यावे. कटोरी तीच राहते, पट्टा २८ चा होतो, आणि खांद्याच्या पट्ट्या मागें जवळ आल्यामुळें अरुंद खांद्यांवरून घसरत नाहींत. ३२ ची मात्र अशी दुरुस्ती करूं नये. चार इंच कापल्यावर कटोऱ्या बगलेकडे ओढल्या जातात.

नवी ब्रेसियर सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर नीट बसली पाहिजे. पुढें पट्टा ताणला जाऊन ढिला पडेल, तेव्हां आंतले हूक कामीं येतात. पट्ट्याखालीं दोन बोटें जावीं, मूठ जाऊं नये. हात वर करावा, खालीं वांकावें; पट्टा जागचा हलला नाहीं म्हणजे माप जुळलें.

मापाच्या प्रश्नाला घरांतल्या एका बोलण्याची जोड असते, म्हणून तेंहि सांगून टाकतें. लग्न ठरलेल्या किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या कृश मुलीला "हिला दूध कसें येणार?" असें ऐकविलें जातें. स्तनांच्या लहानमोठेपणांत बराचसा भाग चरबीचा असतो. दूध निर्माण होतें तें ग्रंथींत. आकारावरून दुधाचें भाकीत करणें निराधार आहे. स्तन वाढविण्याचीं मलमें आणि गोळ्या यांच्या जाहिराती याच भीतीवर पोसल्या जातात. त्यांवर पैसा घालवूं नये. उलट स्तनांत नवी गांठ लागली, त्वचा आंत ओढली गेली किंवा बोंडांतून रक्त आलें, तर मापाचा विचार बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे जावें.

ब्रेसियर वापरलीच पाहिजे असा शरीरशास्त्राचा नियम नाहीं. घरीं न वापरल्यानें कांहीं बिघडत नाहीं. वापरावयाची तर वर्षांतून एकदां, तसेंच वजन उतरल्यावर किंवा चढल्यावर, माप पुन्हां घ्यावें. बाळंतीण दूध पाजीत असेल तोंवर तिचें जुनें माप उपयोगाचें नाहीं; तिनें तारेची ब्रेसियर न घेतां पुढून उघडणारी, मऊ कापडाची घ्यावी, आणि पट्ट्याला हुकांच्या तीन तरी ओळी आहेत ना, तें दुकानांतच पाहून घ्यावें.