घड्याळातील वेळ आणि काळातील क्षण

भूगोलाच्या तासाला आपण मुलांना सांगतो की पृथ्वी स्वतःभोवती २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ८२.५ ला १५ ने भागले की साडेपाच येतात, म्हणून आपले घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. गणित सुटले, दोन गुण मिळाले आणि धडा संपला. पण हाच धडा संगणकात माहिती साठवणाऱ्याला रोज द्यावा लागतो आणि तिथे उत्तर चुकले तर परीक्षेची वेळ चुकते, औषधाची वेळ चुकते, कधी जन्मतारीखही चुकते. या लेखात आपण पाहू की डेटाबेसमध्ये वेळ कशी लिहितात आणि ती लिहिताना कोणता घोळ होऊ शकतो.

तक्ता आणि रकाना

रिलेशनल डेटाबेस म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांचा संग्रह. ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. शाळेचे हजेरीपत्रक डोळ्यांसमोर आणा : प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ आणि हजेरी क्रमांक, नाव, जन्मतारीख असे रकाने. फरक इतकाच की डेटाबेसमध्ये प्रत्येक रकान्याचा प्रकार आधी ठरवावा लागतो. या रकान्यात फक्त पूर्णांक, त्यात अक्षरे, तिसऱ्यात तारीख. वेळेचा रकाना कोणत्या प्रकारचा असावा, हा आपला प्रश्न आहे.

उदाहरणासाठी आपण पोस्टग्रेसएसक्यूएल हा डेटाबेस घेऊ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून तो आला आणि तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्यात तारीख आणि वेळ एकत्र ठेवण्याचे दोन प्रकार आहेत : 'टाइमस्टॅम्प विदाउट टाइम झोन' आणि 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन'. आपण त्यांना 'साधी वेळ' आणि 'क्षण' म्हणू.

साधी वेळ म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो. '३ नोव्हेंबर २०२४, दुपारी १२' एवढेच त्यात दिसते. ते घड्याळ पुण्यातले की शिकागोचे, हे फोटोवरून कळत नाही. क्षण म्हणजे साऱ्या पृथ्वीवर एकच असणारा बिंदू. पुण्यात तेव्हा काहीही वाजले असोत आणि शिकागोत काहीही, क्षण तोच.

नावाने होणारी फसगत

'विथ टाइम झोन' हे नाव वाचून कोणालाही वाटेल की वेळेबरोबर तिचा विभागही साठवला जातो. पोस्टग्रेसमध्ये तसे होत नाही. '१२:०० +०५:३०' असे लिहिले की डेटाबेस त्यातून साडेपाच तास वजा करतो, ६:३० ही जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, काढतो आणि तेवढीच ठेवतो. प्रत्यक्षात साठते ती एक संख्या : १ जानेवारी २००० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून झालेले मायक्रोसेकंद. मूळ वेळ भारतातून आली होती ही माहिती तिथेच संपते. वाचताना डेटाबेस विचारणाऱ्याचा विभाग पाहतो आणि त्याप्रमाणे वेळ मांडून दाखवतो. पुण्यातल्या शिक्षकाला १२:०० दिसतील आणि लंडनमधल्याला ६:३०. दोघांनाही बरोबरच दिसते.

आता तीच नोंद साध्या वेळेच्या रकान्यात टाकली तर? डेटाबेस '+०५:३०' हा भाग मुकाट्याने गाळतो आणि १२:०० ठेवतो. कोणतीही तक्रार करत नाही. पुढे कोणी लंडनहून '६:३०' अशी नोंद केली तर एकाच क्षणाच्या दोन नोंदी साडेपाच तास दूर दिसू लागतात. कोणी आधी उत्तरपत्रिका पाठवली याचा क्रम लावायचा असेल, तर तो उलटा लागू शकतो.

सगळेच डेटाबेस असे वागतात असेही नाही. ओरॅकलमध्ये याच नावाचा प्रकार विभागाची माहितीही जपतो. मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्प' यूटीसीत बदलून ठेवला जातो, तर 'डेटटाइम' जसा लिहिला तसाच राहतो. शब्द सारखे आणि अर्थ निराळे, असा हा प्रकार असल्याने नावावर विसंबून चालत नाही.

साडेपाच तास म्हणजे विभाग नव्हे

भारतात राहणाऱ्यांना या विषयाची धग सहसा लागत नाही. संपूर्ण देशात एकच वेळ आणि वर्षभर घड्याळाला हात लावावा लागत नाही. त्यामुळे 'विभाग' म्हणजे यूटीसीपासूनचा फरक अशी आपली समजूत होते. ती अपुरी आहे, हे शिकागोच्या उदाहरणावरून दिसते.

अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे करतात. हे वेळापत्रक २००७ पासूनचे आहे. शिकागोचा यूटीसीपासूनचा फरक हिवाळ्यात उणे सहा तास आणि उन्हाळ्यात उणे पाच तास असतो. ३ नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे तिथे दोन वाजताच घड्याळ पुन्हा एकवर आणले गेले. त्यामुळे त्या रात्री दीड दोनदा वाजले. पहिल्यांदा वाजले तेव्हा भारतात दुपारचे बारा होते आणि दुसऱ्यांदा वाजले तेव्हा एक. नुसते 'पहाटे दीड' लिहिले तर यातले कोणते? अशा वेळी पोस्टग्रेस बदलानंतरचा फरक धरतो, म्हणजे दुसरे दीड.

याच्या उलट १० मार्च २०२४ ला शिकागोत दोनचे एकदम तीन वाजले. त्या दिवशी पहाटे अडीच वाजलेच नाहीत. तरी कोणी अडीच लिहिले तर पोस्टग्रेस बदलाआधीचा फरक धरतो आणि परत दाखवताना साडेतीन दाखवतो. दिवसाचा दिवस गळल्याचेही उदाहरण आहे. सामोआने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा तिथल्या दिनदर्शिकेतून ३० डिसेंबर हा दिवसच नाहीसा झाला.

तेव्हा विभाग म्हणजे एक संख्या नसून एक इतिहास आहे : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणता फरक लागू होता. हे इतिहास एकत्र नोंदवण्याचे काम ऑर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात सुरू केले. आज त्या संग्रहाला आयाना टाइम झोन डेटाबेस म्हणतात आणि बहुतेक संगणक तोच वापरतात. त्यात प्रत्येक विभागाला शहराचे नाव असते : 'अमेरिका/शिकागो', 'एशिया/कोलकाता'. म्हणून डेटाबेसला विभाग सांगताना हे पूर्ण नाव द्यावे. 'आयएसटी' हे लघुरूप भारताचे तसेच इस्रायलचे आणि आयर्लंडचेही आहे आणि पोस्टग्रेसच्या मूळ यादीत त्याचा अर्थ इस्रायलची वेळ असा आहे!

आपलाही इतिहास आहे

भारताच्या ओळीतही गंमत आहे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ सुरू झाली. मात्र मुंबईने त्यानंतरही बरीच वर्षे आपली ४ तास ५१ मिनिटांची 'मुंबई वेळ' सोडली नाही. म्हणजे प्रमाणवेळेपेक्षा ती ३९ मिनिटे मागे होती. पुढे दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारतातील घड्याळे आणखी एक तास पुढे, म्हणजे साडेसहा तासांवर होती.

समजा, नागपूरच्या एका जन्मनोंदीत '१० जून १९४३, सकाळी ६:३०' असे लिहिले आहे. आजच्या सवयीने साडेपाच तास वजा केले तर यूटीसी १:०० येते. योग्य उत्तर मात्र ०:०० आहे. जन्मवेळेचा उपयोग कोणी कशासाठीही करो, एक तासाचा फरक पडलाच. '+०५:३०' लिहिणाऱ्याकडून ही चूक होईल. 'एशिया/कोलकाता' लिहिणाऱ्याला संग्रहातला इतिहास वाचवेल.

पण संग्रहालाही मर्यादा आहे. १९७० पासून ज्या भागांची घड्याळे जुळतात, त्यांना त्यात एकच नाव देण्याची पद्धत आहे. म्हणून मुंबईसाठी वेगळे नाव नाही आणि १९२० सालच्या मुंबईतील नोंदीला हा संग्रह मुंबई वेळ लावणार नाही. अशी जुनी नोंद जशी लिहिली आहे तशीच जपावी आणि शेजारच्या रकान्यात 'मुंबई वेळ' अशी टीप ठेवावी.

भविष्य यूटीसीत ठेवावे का?

'सगळ्या वेळा यूटीसीत ठेवा' असा सल्ला नेहमी दिला जातो. घडून गेलेल्या गोष्टींसाठी तो उत्तम आहे. पुढच्या गोष्टींसाठी तो धोक्याचा ठरू शकतो.

मोरोक्कोत हिवाळ्यात घड्याळ यूटीसीबरोबर आणि उन्हाळ्यात एक तास पुढे असे. २८ ऑक्टोबर २०१८ ला ते मागे यायचे होते. केवळ दोन दिवस आधी सरकारने ठरवले की आता मागे न्यायचे नाही. समजा, कासाब्लांकातील एका शाळेने १० नोव्हेंबरची सकाळी नऊची परीक्षा यूटीसी ९:०० म्हणून आधीच नोंदवली होती. निर्णयानंतर तोच क्षण तिथल्या घड्याळात दहा वाजता येतो. मुले नऊ वाजता वर्गात बसलेली आणि संगणकातली परीक्षा दहाची. शाळेने मुलांना शब्द दिला होता तो घड्याळाचा. म्हणून अशा वेळी एका रकान्यात स्थानिक साधी वेळ आणि दुसऱ्यात विभागाचे नाव ठेवावे आणि क्षण गरज पडेल तेव्हा काढावा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी 'ॲट टाइम झोन' ही आज्ञा आहे.

तिसरा प्रकार जन्मतारखेचा. १५ ऑगस्ट २०१० ही जन्मतारीख कोणी भारतातील मध्यरात्रीचा क्षण म्हणून साठवली, तर शिकागोत ती १४ ऑगस्ट, दुपारी दीड अशी दिसेल. मुलाचा वाढदिवस एक दिवस आधी! जन्मतारखेला क्षण नकोच. तिच्यासाठी नुसता तारखेचा रकाना असतो.

थोडक्यात, रकाना ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट घडून गेली आहे का? तर क्षण. ही कुठल्या तरी गावच्या घड्याळाप्रमाणे पुढे घडायची आहे का? तर साधी वेळ आणि विभागाचे नाव. ही फक्त तारीख आहे का? तर तारीख.

वर्गात करून पाहा

द्वारका सुमारे ६९ अंश पूर्व आणि दिब्रुगड सुमारे ९५ अंश पूर्व रेखांशावर आहे. दोन्हीकडे सूर्य डोक्यावर येण्यात किती मिनिटांचे अंतर असेल, हे मुलांना काढू द्या. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने १०४ मिनिटे येतील. मग विचारा : दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ का दाखवतात? ती वेळ सूर्याने ठरवली की माणसांनी?

त्यानंतर वहीत तीन रकाने आखा : घड्याळातील वेळ, विभाग, यूटीसी. पुणे, काठमांडू (यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे) आणि शिकागो यांच्या पाच-सहा नोंदी करून त्या घडल्या त्या क्रमाने लावायला सांगा. मग मधला रकाना झाकून, यूटीसीचा रकानाही पुसून, तोच क्रम पुन्हा लावायला सांगा. मुले अडतील. त्या अडण्यातूनच त्यांना समजेल की आकडा पुरेसा नसतो. तो कोणत्या घड्याळाचा, हेही लिहून ठेवावे लागते.