शाळेच्या नोंदींचाही बेणेमळा राखा



ऊस सोडून आम्ही शाळेच्या संगणकावर का लिहितो, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या मुलांचे दाखले, निकाल, जन्मतारखा आता संगणकातच असतात. आणि शाळा समितीवर आपलेच सभासद बसतात. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा आजा-पणजाच्या शाळेची रजिस्टरे पुन्हा उघडली गेली. एका ओळीची किंमत तेव्हा सर्वांनाच कळली.

ह्या नोंदींवरचा नवा रोग म्हणजे रॅन्समवेअर. ई-मेलमधली खोटी फाईल उघडली, की हा प्रोग्राम आत शिरतो, सर्व फायलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी खंडणी मागतो. मार्च २०२१ मध्ये खुद्द एमआयडीसीच्या संगणकांवर असा हल्ला होऊन कामकाज अडले. माहितीची वेगळी ठेवलेली प्रत सुरक्षित असल्याचे महामंडळाने तेव्हा सांगितले.

खंडणी देऊन सुटका होतेच असे नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील पॉवरस्कूल कंपनीकडून शाळांची माहिती चोरीस गेली. कंपनीने पैसे भरले. तरी मे २०२५ मध्ये शाळांना पुन्हा धमक्या आल्याच.

मग उपाय काय? काणी आलेल्या फडातले बेणे आपण लावत नाही, बेणेमळा वेगळा राखतो. इथेही तेच करावे.

१) नोंदींच्या ३ प्रती ठेवाव्यात : एक संगणकात, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी शाळेबाहेर सुरक्षित जागी.

२) प्रत काढून झाली की डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. कायम जोडलेली डिस्क म्हणजे रोगट फडाला खेटून बेणेमळा. कुलूप तिलाही लागते.

३) बेण्याची उगवण पाहतो तशी दर सत्रात प्रतीतली एखादी नोंद उघडून पाहावी.

४) चोरीचे सॉफ्टवेअर वापरू नये, अपडेट टाळू नयेत, पासवर्ड भिंतीवर लिहू नये.

५) कागदी जनरल रजिस्टर रद्दीत घालू नये.

हल्ला झालाच तर आधी नेटची वायर काढावी. काही पुसू नये, पैसे भरू नयेत. सायबर पोलिसांकडे तक्रार करावी. १९३० हा क्रमांक त्यासाठी आहे.

पुढच्या समितीच्या बैठकीत एवढेच विचारा : गुरुजी, प्रत कुठं आहे, शेवटची कधी काढली, उघडून कुणी पाहिली? उत्तर अडखळले तर डिस्कचा खर्च त्याच बैठकीत मंजूर करून घ्या.

– ऊस विकास अधिकारी