‘पृथ्वी’ ते ‘प्रलय’: इंधनाच्या अंगाने एक मागोवा

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राचे इंजिन आरंभीच्या अल्पकाळापुरतेच चालते आणि उरलेला मार्ग ते मिळालेल्या वेगावर व गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने कापते. त्यामुळे त्या थोड्या काळात काय जळते, यावर अस्त्राचे बरेचसे भवितव्य ठरते. भारतीय क्षेपणास्त्रांचा इतिहास बहुधा हैदराबादभोवती लिहिला जातो आणि ते बव्हंशी रास्तही आहे. मात्र इंधनाचा माग काढू लागल्यास पुण्यातील पाषाण-सुतारवाडीला यावे लागते.

1983 च्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमातील ‘पृथ्वी’चे पहिले उड्डाण 25 फेब्रुवारी 1988 रोजी श्रीहरिकोटा येथून झाले. सत्तरच्या दशकात सोव्हिएत विमानवेधी क्षेपणास्त्राची उकल करण्याचा जो प्रयत्न झाला होता, त्यातील द्रव इंधनाच्या इंजिनाचा अनुभव येथे उपयोगी पडला. द्रव इंजिन नेमक्या क्षणी बंद करून पल्ला कमी-अधिक करता येतो, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु इंधन जाळण्यासाठी लागणारे तीव्र नायट्रिक आम्ल धातू खाणारे असल्याने ते हाताळण्याची वेगळी व्यवस्था, टँकर आणि वेळ ही ओझी सैन्याला वाहावी लागत. एक टन स्फोटके 150 किलोमीटरवर टाकणाऱ्या अस्त्राची ही किंमत रणभूमीवर जड होती, असेच म्हणावे लागते.

घन इंधनाची परंपरा मात्र पाषाणमध्ये निराळ्या वाटेने वाढत होती. तेथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने ‘पिनाका’ हे अग्निबाण-तोफखान्याचे अस्त्र घडवले, जे 1999 च्या कारगिल युद्धात वापरले गेले. त्याच्या इंधनाच्या घडणीत सुतारवाडीच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेचा वाटा होता. अशा संमिश्र इंधनात प्राणवायू पुरवणारे क्षार आणि ॲल्युमिनियमची भुकटी रबरासारख्या बंधकात कालवून नळकांड्यात ओततात; ते घट्ट झाले की अस्त्र दीर्घकाळ सज्ज राहते, मात्र एकदा पेटल्यावर सहसा विझवता येत नाही आणि पल्ल्याचा हिशेब मार्गदर्शन यंत्रणेवर येतो.

जुलै 2011 मध्ये चाचणी झालेले, 150 किलोमीटर पल्ल्याचे ‘प्रहार’ घन इंधनाचेच होते. डिसेंबर 2021 मध्ये प्रथम उडालेले ‘प्रलय’ 150 ते 500 किलोमीटर मारा करते आणि उड्डाणात मार्ग बदलू शकते. हैदराबादच्या रिसर्च सेंटर इमारतने विकसित केलेल्या या अस्त्राच्या जुलै 2025 मधील दोन चाचण्यांनंतर सहभागी म्हणून नोंदल्या गेलेल्या संस्थांत पाषाण परिसरातील या दोन्ही संस्था आणि दिघीची अभियांत्रिकी आस्थापना यांचीही नावे होती.