आं प्वांत

आं प्वांत ही बॅले या पाश्चात्त्य शास्त्रीय नृत्यप्रकारातील संज्ञा आहे. पायाच्या बोटांच्या टोकांवर शरीराचा संपूर्ण भार पेलून उभे राहणे किंवा नृत्य करणे, असा तिचा अर्थ आहे. हे तंत्र प्रामुख्याने नर्तिका वापरतात.

व्युत्पत्ती

राजा चौदावा लुई याने १६६१ मध्ये पॅरिस येथे नृत्याची अकादमी स्थापन केली. फ्रान्समध्ये घडलेली बॅलेची परिभाषा आजही जगभर फ्रेंचच आहे. फ्रेंच भाषेत 'प्वांत' म्हणजे टोक. या शब्दाचे मूळ 'टोचणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. 'स्युर ले प्वांत' (टोकांवर) हा प्रयोगही याच अर्थाने रूढ आहे. टाच उचलून चवड्यावर उभे राहण्यास मात्र 'दमी-प्वांत' (अर्धे टोक) म्हणतात. त्यामुळे 'चवड्यावर नाचणे' हा 'आं प्वांत'चा अचूक पर्याय ठरत नाही.

इतिहास

शार्ल दिदलो यांच्या 'फ्लोर ए झेफीर' (लंडन, १७९६) या बॅलेत नर्तक तारांच्या साहाय्याने हवेत उचलले जात. उड्डाणापूर्वी ते क्षणभर बोटांच्या टोकांवर टेकत. पुढे काही नर्तिका तारांशिवाय तसे उभ्या राहू लागल्या. परंतु ते बहुधा कसरतीसारखे भासे. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात सादर झालेल्या 'ला सिल्फीड'मध्ये मारी ताल्योनी यांनी वायुकन्येची भूमिका केली. तिचे भारहीनत्व दाखवण्यासाठी त्यांनी हे तंत्र वापरल्याने ते अभिव्यक्तीचे साधन बनले.

पादत्राण

ताल्योनी यांच्या मऊ साटिनच्या जोड्यांना केवळ टाके घालून बळकटी दिलेली असे. आधार मुख्यतः पायाच्या स्नायूंचाच होता. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन कारागिरांनी सपाट टोकाचे, अधिक कडक जोडे बनवले. त्यामुळे एका पायावर दीर्घकाळ तोल सांभाळणे व अनेक गिरक्या घेणे सुकर झाले. पारंपरिक जोड्याचे टोक कापड, कागद व खळ यांचे थर वाळवून घडवतात. तळव्याखाली ताठ पट्टी असते आणि फिती घोट्याभोवती बांधतात.

प्रशिक्षण

जोडा आधार देतो; मात्र भार पाऊल, घोटा, पाय व धड यांच्या स्नायूंनाच पेलावा लागतो. म्हणून काही वर्षांच्या पूर्वतयारीनंतर, साधारणतः ११ ते १२ वर्षे वयाच्या सुमारास, हे शिक्षण सुरू करतात. वयापेक्षा स्नायूंची ताकद, घोट्याची लवचीकता व तोल हे निकष महत्त्वाचे मानले जातात. पुरेशा तयारीविना घाई केल्यास वाढत्या वयातील पावलांना व घोट्यांना इजा होण्याचा धोका असतो.